कथेत मी तापीत बुडाले

माझ्या धाकट्या दिरानं माझ्यावर कथा लिहिली. पुण्याच्या मासिकात छापूनही आली. तिच्यात मी राजघाटावरून तापीत उडी घेऊन मरते. आता बोला! आणि मी इथं म्हातारी होऊन खलबत्त्यात चटणी कुटतेय. त्याला तोंडावर भाऊजी म्हणायची, मनातून मात्र 'तो'च.

मी ऐन विशीत विधवा झाले. खांडव्याचा माझा दादा म्हणाला, "तू शीक, मास्तरीण हो. मी न्यायला येतो." मामंजी, म्हणजे माझे सासरे, हो म्हणेनात आणि नाहीही म्हणेनात. कापसाच्या सौद्यात म्हणायचे तसं नुसतं "बघू" म्हणाले. त्या "बघू"वर मी जगत होते. भांडी घासताना पाढे म्हणायची.

तेवढ्यात ही कथा आली. तिच्यातली वहिनी शिकायला निघते, दुष्ट सासरा तिला कोंडतो आणि ती नदी जवळ करते. अख्खं बुऱ्हाणपूर हळहळलं. शेजारच्या वकिलीणबाई डोळ्यांना पदर लावत घरी आल्या. "काय लिहिलंत हो भाऊसाहेब, काळीज हललं!" त्यांचा चहा मीच केला. मेलं, माझ्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही.

मामंजींना मात्र तो सासरा बरोबर ओळखू आला. मला माजघरात बोलावून म्हणाले, "आता तुला धाडलं तर लोक म्हणतील, कथा वाचून म्हातारा घाबरला. कुठं जायचं नाही."

मी दिराकडे गेले, हात जोडले. "भाऊजी, मामंजी तुमचं ऐकतात. एक शब्द टाका."

"वहिनी, तुमच्यासाठी एवढी कथा लिहिली ना! आणखी काय करू?"

दादा टांगा घेऊन आला तेव्हा मी गाठोडं बांधून बसले होते. मामंजींनी त्याला दारातूनच परतवून लावलं. दीर बैठकीत होता, हातात तेच मासिक. कथा लिहिताना म्हणे तो ढसाढसा रडला होता. टांगा स्टेशनाच्या रस्त्याला लागला, तरी हा काही बाहेर आला नाही.

संध्याकाळी पानावर बसल्यावर त्यानं हळूच विचारलं, "वहिनी, टांगा गेला तेव्हा तुम्हाला नेमकं काय वाटलं हो?"

मी त्याला भात वाढला. काय वाटलं ते सांगितलं नाही, त्याला नाही आणि पुढं कुणालाच नाही.