मागे तोंड करून बसायची जागा

फत्तेसिंग माणूस कसा होता, हे नरसिंगरावांना खरे म्हणजे ठाऊकच नव्हते. त्याच्या शोकसभेत दोन शब्द बोला, अशी क्लबातल्या लोकांनी गळ घातली तेव्हा ते उभे राहिले, घसा साफ केला आणि "फार चांगला माणूस होता" एवढे बोलून खाली बसले. लोकांना वाटले, म्हातारा गहिवरला. तसे नव्हते. पुढे सांगण्यासारखे त्यांच्यापाशी काही नव्हतेच. चार उन्हाळे ते त्याच्याबरोबर एका बोटीत बसले होते, पण पाठीला पाठ लावून. फत्तेसिंग पुढे बघून बोट चालवायचा आणि नरसिंगराव मागे तोंड करून, दोराच्या टोकाला पाण्यावरून ओढत येणाऱ्या मुलाकडे बघायचे. त्यामुळे त्याचा आवाज त्यांच्या कानात पक्का बसला होता. चेहरा मात्र आठवू गेले की नीट जुळेना. मिशी होती, एवढे नक्की.

नरसिंगराव बंगळूरच्या मल्लेश्वरमचे. विम्याच्या कचेरीतून निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली होती. कचेरीतही ते कुणाच्या अध्यातमध्यात नसत. पत्नी गेल्यावर घरातले बोलणेही कमी झाले. सूनबाई रूपश्री हिने नातीचे, सौम्याचे, नाव उन्हाळी शिबिरात घातले. येलहंक्याच्या पुढे एक मोठे तळे होते. तिथे एक क्लब एप्रिल-मे महिन्यांत मुलांना वॉटरस्कीइंग आणि वेकबोर्डिंग शिकवायचा. वेगवान बोटीमागे दोराला धरून, पायांत पट्ट्या किंवा एकच फळी अडकवून पाण्यावर उभे राहायचे. रूपश्रीला नोकरीतून वेळ नव्हता, म्हणून नातीवर लक्ष ठेवायला नरसिंगरावांची नेमणूक झाली. सकाळी क्लबाची व्हॅन मुलांना घेऊन जायची, तीतून तेही जायचे आणि काठावरच्या करंजाखाली टोपी मांडीवर ठेवून बसायचे.

पहिल्या उन्हाळ्यात एक दिवस एक उंच, काळासावळा, पन्नाशीतला माणूस ओल्या अंगाने त्यांच्यापुढे येऊन उभा राहिला. त्याने कन्नडमध्ये विचारले, नुसते बसलाच आहात तर बोटीत बसाल का. मागे बघायला माणूस लागतो, आणि क्लबाने दिलेला पोरगा फोनमध्ये बघतो.

"मला पोहता येत नाही," नरसिंगराव म्हणाले.

"पोहणारा नकोच. पोहणाऱ्याला पाण्याकडे बघायचा कंटाळा येतो. भिणारा माणूस डोळा हलवत नाही."

नाही म्हणायला जीभ वळेना, म्हणून ते उठले. लाइफ जॅकेटची पट्टी गळ्याशी घट्ट झालेली, आणि बोटीत पाय टाकताना नडगी काठावर आपटली. तोंडातून "आई गं" निघाले. फत्तेसिंग तोवर चाकासमोर बसला होता. मान न वळवताच म्हणाला, "मराठी का, अण्णा?"

"हो."

"आम्ही पण. आमचे लोक राजांच्या काळात आले इकडं. कुठले राजे ते विचारू नका, आमच्या घरात त्याच्यावरनं भांडणं आहेत."

त्याचे मराठी नरसिंगरावांना वेगळेच वाटले. मधेमधे कन्नड, क्रियापदे कुठल्या कुठे. पण घराबाहेर कुणी आपल्याशी मराठी बोलते आहे, याचेच त्यांना अप्रूप होते. त्या दिवसापासून ती मागची जागा त्यांची झाली. सौम्याचे शिकून झाले, पुढच्या वर्षी ती वरच्या तुकडीत गेली, तरी उन्हाळा आला की नरसिंगराव व्हॅनमध्ये असायचेच.

फत्तेसिंग पूर्वी लष्करात बोटींवर होता, एवढे कळले होते. शिकवण्याची त्याची एक रीत होती. पहिले दोन दिवस तो मुलांना पाण्यात जाऊच द्यायचा नाही. काठावरच्या गवतात बसवायचा, गुडघे छातीशी, हात सरळ, हातात दोराची मूठ. मग स्वतः दोर ओढायचा आणि मूल अर्धवट उठले की ओरडायचा, "बिडु!" म्हणजे सोड. ज्याने मूठ सोडली नाही त्याने पुन्हा बसायचे. पाण्यात तोल गेल्यावर मूल घाबरून दोर धरून ठेवते आणि बोट त्याला पाण्याखालून फरफटत नेते, म्हणून हे. इंदिरानगरचे एक गृहस्थ तक्रार घेऊन आले, की पैसे भरून मुलगा दोन दिवस गवतात लोळतो आहे.

"साहेब, धरून ठेवायला तुमचा मुलगा घरूनच शिकून आलाय," फत्तेसिंग म्हणाला. "सोडायला स्वल्प वेळ लागणार."

गृहस्थ हसले नाहीत. नरसिंगराव झाडाआड जाऊन हसले.

बोटीतले नियमही ठरलेले. मुलाने अंगठा वर केला की वेग हवा, खाली केला की कमी, डोक्यावर हात ठेवला की पुरे. ते बघून नरसिंगरावांनी सांगायचे. मूल पडले की "पडलं" म्हणायचे आणि पायाशी ठेवलेला नारिंगी झेंडा हातात उंच धरायचा. पाण्यात माणूस आहे, हे इतर बोटींना कळायला. मूल बोटीत येईपर्यंत झेंडा खाली करायचा नाही, हात दुखला तरी. आणि मूल बोटीजवळ येण्याआधी फत्तेसिंग इंजिन बंद करायचा, किल्ली काढायचा आणि ती खांद्यावरून मागे करून नरसिंगरावांना दाखवायचा. पंखा फिरत नाही याची ती खूण. तो हात नरसिंगरावांनी इतक्या वेळा पाहिला होता की अंगठ्याच्या नखावरचा जुना काळा डागसुद्धा त्यांना पाठ होता.

पण या सगळ्याच्या आधी, रोज सकाळी, एक काम असायचे. फत्तेसिंग त्याला अंगण झाडणे म्हणायचा. तळ्यात मासेमारीचा ठेका दिलेला होता. रात्री टाकलेली जाळी वाऱ्याने सुटायची, जलपर्णीत अडकून वाहत यायची आणि बोटीच्या मार्गात पाण्याखाली हातभर अंतरावर तरंगत राहायची. वरून दिसायची नाहीत. मुले पाण्यात उतरायच्या आधी फत्तेसिंग बोट अगदी सावकाश त्या मार्गावरून न्यायचा, मागे नरसिंगराव असायचे. कुठे संशय आला की इंजिन बंद, किल्ली काढून मागे, आणि फत्तेसिंग पाण्यात. जॅकेट घातले तर बुडी मारता येत नाही, म्हणून तेवढ्यापुरते तो जॅकेट काढायचा. कमरेच्या सुरीने जाळे कापायचा. नरसिंगराव झेंडा धरून बुडबुड्यांकडे बघत राहायचे. शिट्टी त्यांच्या गळ्यात असे, आणि काठावरच्या जीवरक्षकाला तेवढ्यासाठी लवकर बोलावलेले असे. अंगण झाडल्याशिवाय मूल पाण्यात नाही आणि मागे माणूस असल्याशिवाय आपण पाण्यात नाही, हे फत्तेसिंगाचे दोन हट्ट होते. बाकी कशावर तो अडून बसल्याचे नरसिंगरावांनी पाहिले नाही.

यंदा शिबिराचा व्यवस्थापक बदलला. अभिराज नावाचा, पुण्याहून आलेला, तिशीतला मुलगा. वाईट नव्हता. मुलांची नावे त्याला पाठ असायची. त्याने शेवटच्या दिवशी पालकांना बोलावून मुलांची प्रात्यक्षिके ठेवली होती. आदल्या आठवडाभर रोज संध्याकाळी वादळी पाऊस होत होता आणि दुपारनंतरचा भरवसा नव्हता, म्हणून त्याने कार्यक्रम सकाळी लवकर घेतला.

"एवढ्या लवकर अंगण झाडून होत नाही," फत्तेसिंग म्हणाला. आदल्या दिवशीची दुपार होती. नरसिंगराव शेजारीच चहा पीत होते.

"फत्तेभाऊ, एक दिवस नुसता राउंड मारा ना बोटीने. उतरू नका."

"वरून दिसत नाही."

"रोज कुठे काय सापडतं?"

"परवा सापडलं. आज पाऊस आला तर उद्या सापडणार."

"मी साठ पॅरेंट्सना आता काय मेसेज टाकू, सांगा."

फत्तेसिंगाने कपातला चहा संपवला. "मेसेज नको. मी अंधारात येतो. उजाडलं की झाडून टाकतो."

"लाइफगार्ड सातला येतो पण."

"सरी, ठीक आहे. बघतो मी."

तेवढ्यावर बोलणे मिटले. अभिराजने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि तो खुर्च्यांच्या माणसाला फोन करायला गेला. कुणाच्याच मनात काही काळेबेरे नव्हते.

त्या संध्याकाळी पाऊस आला, गाराही पडल्या. दुसऱ्या दिवशी नरसिंगराव मुलांच्या व्हॅनने गेले. खोकल्याने रात्रभर डोळा लागला नव्हता, म्हणून खिडकीला डोके टेकून बसले होते. व्हॅन बांधावर चढली तेव्हा ऊन नुकतेच पाण्यावर आले होते. काठावर मांडव, खुर्च्या, फुगे. बोट पलीकडच्या अंगाला, जलपर्णीच्या कडेला उभी होती.

"अज्जा," सौम्या म्हणाली, "झेंडा वर आहे. कोण पडलंय?"

नरसिंगरावांनी पाहिले. त्यांच्या जागेवर कुणीतरी झेंडा धरून बसले आहे, असे त्यांना क्षणभर वाटले. बरे वाटले. मग बोट वाऱ्याने थोडी फिरली आणि जागेवर कुणी नाही हे दिसले. त्यांची काळी छत्री गादीच्या फटीत उभी खोचलेली होती, आणि तिच्या टोकाला झेंडा बांधलेला होता.

व्हॅन थांबायच्या आत ते उठले. कुणाला हाक मारावी ते सुचेना. गळ्यात शिट्टी नव्हती, ती बोटीत होती. शेवटी त्यांनी हात वर केला आणि तसाच धरून ते काठाकडे चालत गेले. खुर्च्या लावणारी माणसे त्यांच्याकडे बघू लागली.

जीवरक्षक पोहत गेला. नंतर अग्निशमन दलाचे लोक आले. पालक मुलांना घेऊन एकेक करून निघून गेले. फत्तेसिंगाला काढले तेव्हा ऊन चढले होते. जाळे पायात नव्हते, हातात होते. डावा हात मनगटापर्यंत गुंतलेला, आणि सुरी त्याच हाताच्या खाली तळाशी पडलेली सापडली. बोट काठाला आणली तेव्हा मागच्या जागेवर छत्रीच्या बाजूला त्याचे जॅकेट घडी करून ठेवलेले होते. जॅकेटवर किल्ली होती. दाखवायला कुणी नसताना त्याने ती काढून मागे ठेवली होती.

अभिराज वाळूवर उकिडवा बसला होता. त्याने वर बघून विचारले, "काका, तुम्ही रोज असता ना त्यांच्याबरोबर?" त्यात दोष देणे नव्हते. त्याला खरेच समजत नव्हते.

"हो," नरसिंगराव म्हणाले. "रोज."

दहाव्यानंतर ते फत्तेसिंगाच्या घरी गेले. चार वर्षांत पहिल्यांदाच. येलहंक्याच्या जुन्या भागात दोन खोल्या, दारात तुळस नव्हे तर टायरमध्ये लावलेले कढीपत्त्याचे झाड. त्याची बायको मथुरा हिने पाणी आणून दिले आणि त्यांच्याकडे जरा टक लावून पाहिले.

"अण्णा म्हणजे तुम्हीच?"

"हो."

"मला वाटायचं, मोठे जाड असाल. अण्णा मागं बसले की बोट डुलत नाही, म्हणायचे. रोज म्हणायचे. घरी आले की तोंड थांबायचं नाही त्यांचं, अण्णा असं म्हणाले, अण्णा तसं म्हणाले."

नरसिंगरावांना आपण कधी काही म्हणाल्याचे आठवेना. बोटीत ते "वर", "खाली", "पुरे" आणि "पडलं" याच्यापलीकडे फारसे बोललेच नव्हते. ते भिंतीवरच्या फोटोकडे बघत बसले. फोटोत चेहरा होता. तो त्यांनी नीट पाहून घेतला.

"त्या दिवशी तुमची तब्येत बरी नव्हती म्हणे," मथुरा म्हणाली. "रात्री जेवताना म्हणाले, अण्णांना पहाटे ओलं करायचं बरं दिसत नाही. वय झालंय. मी म्हटलं, मग दुसरं कुणी घ्या. तर म्हणाले, त्यांच्या जागेवर दुसऱ्याला बसवलं तर त्यांना कसं वाटेल."

नरसिंगरावांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. फत्तेसिंगाला भीड पडली होती, आणि त्यांनाही. मग मागे कोण बसणार, हा प्रश्न कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी त्यांच्या अगदी ओठावर आला होता. पण विचारले तर आपल्यावाचून अडते आहे असे सुचवल्यासारखे होईल, आणि त्याने कुणाला तरी सांगितलेच असेल, असे वाटून त्यांनी तो गिळला. मथुरेला यातले काही त्यांनी सांगितले नाही. तिने चहा केला, तो ते प्यायले.

त्या आदल्या संध्याकाळी आभाळ भरून आले होते. मुले व्हॅनमध्ये चढली होती. फत्तेसिंग धक्क्यावर दोराची गुंडाळी करत होता, खाली बघून. नरसिंगराव दोन पावलांवर उभे राहून खोकत होते.

"खोकला लईच झालाय, अण्णा."

"आहे आपला."

"उद्या पहाटे नका येऊ. पोरांच्या व्हॅननं या, सावकाश."

नरसिंगरावांनी बोटीकडे पाहिले. "सरी," म्हणाले.

"आणि मिरं घालून कषाय घ्या रात्री. गरम गरम."

"घेतो." ते व्हॅनकडे निघाले आणि मग वळले. "माझी छत्री राहिली वाटतं बोटीत."

"असू दे. उद्या देतो."