धरू नगंस

मी हात पुढे केला की आजी तो कोपरानं बाजूला सारायच्या. "धरू नगंस. मी हाय की."

खुब्याचं हाड मोडून त्या सोलापूरला आमच्या हॉस्पिटलात आल्या, तेव्हा पंच्याहत्तरी ओलांडलेली होती. सांगोल्याकडच्या. सगळा जन्म शेळ्यांमागे गेलेला. दाव्यात पाय अडकून पडल्या होत्या. मी इथली फिजिओथेरपिस्ट. ऑपरेशन झालेल्या म्हाताऱ्या माणसांना पुन्हा उभं करायचं, चालवायचं, हे माझं काम.

तुम्ही अशा वॉर्डात कुणाजवळ बसला असाल तर पाहिलं असेल, पहिल्यांदा उभं राहताना माणसं घाबरून नर्सकडे बघतात. आजी स्वतःच्या पायाकडे बघायच्या, रागानं. वॉकर तिरका गेला की त्याच्यावरच ओरडायच्या, "आरं, सरळ चल की! तितं काय पाला हाय व्हय?"

शेजारच्या खाटेवरच्या बाई दुखतं म्हणून उठत नव्हत्या. आजी वॉकर घेऊन त्यांच्या उशाशी जाऊन उभ्या राहिल्या. "मला बी दुकतंय. ऊठ." त्या उठल्या. मला ते आठवडाभरात जमलं नव्हतं.

दहाव्या दिवशी आजी एकट्या संडासला जाऊन आल्या आणि त्यांना घरी सोडलं.

थोरला मुलगा न्यायला आला. मी सांगितलं, दिवसातून तीन वेळा चालवा. तो म्हणाला, "मॅडम, आईनं लई कष्ट केले. आता तिचा पाय भुईला लागू देणार न्हाय." अभिमानानं म्हणाला. पुढचे चार पेशंट थांबले होते. "नाही, चालवायचंच," एवढं एकदा म्हणून मी पुढे गेले.

तीन महिन्यांनी त्यांना उचलून आणलं. घरी नवी खाट, मऊ गादी, घास भरवायला दोन सुना. गुडघे दुमडून आखडले होते. पडून पडून माकडहाडावर झालेली जखम हाडापर्यंत गेली होती. अशा वेळी पूर्वी मला राग यायचा. आता येत नाही. गुडघा किती उघडतो ते बघते आणि फाइलीत लिहिते.

मुलगा औषधं आणायला खाली गेला, तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "पोरांला बोलू नगंस."

"तुम्ही का उठला नाहीत, आजी?"

"उठाया लागले की समदी पळत यायची. थोरल्याच्या डोळ्यांत पानी यायचं. मग पडून ऱ्हायले."

जखमेतला संसर्ग रक्तात पसरला. त्या गेल्या त्या दिवशी मी रजेवर होते.

नंतर कागद न्यायला आलेला मुलगा मला जिन्यात भेटला. डोक्याचे केस काढलेले.

"मॅडम, खरं सांगा. आमचं काय कमी पडलं का?"

"नाही," मी म्हणाले.

त्यानं हात जोडले आणि जिना उतरून गेला.