थिनरचा बोळा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही — आणि तिच्यापासून माझं फारसं काही लपत नाही. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

नांदेडात माझं गाड्या धुण्याचं दुकान आहे. पाणी काय, कुणीही मारतं. माझं नाव झालं ते डाग काढण्यासाठी. डांबर असो, टायरचं चिकटलेलं रबर असो — लोक लातूरहूनही गाडी घेऊन यायचे. हे काम मला माणिकदादांनी शिकवलं. दादा मूळचे कंधारचे, वयाने माझ्या वडिलांएवढे. दुकान माझं होतं, हात त्यांचा. रबर काढायची त्यांची एक रीत होती. रॉकेलात भिजवलेलं फडकं डागावर ठेवायचं आणि गप्प बसायचं. रबर मऊ पडलं की अंगठ्याने हळूहळू लोटायचं. पुन्हा फडकं, पुन्हा बसायचं. थिनरला मात्र हात लावू द्यायचे नाहीत. "ते रबर खातं, मग रंगबी खातं," म्हणायचे.

ती खंडेनवमी होती. दुसऱ्या दिवशी दसऱ्याची पूजा, म्हणजे गावातली प्रत्येक गाडी त्याच दिवशी चकचकीत हवी. त्या रांगेत मंदाबाई आल्या, भावाच्या मागे बसून. मोटारसायकल त्यांच्या मुलाची. तो पुण्यात नोकरीला होता, सुट्टी मिळाली की शर्यतीच्या ट्रॅकवर गाडी पळवायचा. त्याच पावसाळ्यात डेंग्यूने गेला. ट्रॅकवरच्या तापलेल्या रबराचे तुकडे गाडीच्या मागच्या अंगाला अजून तसेच चिकटलेले होते. आणि सीटखालच्या पॅनलवर पांढऱ्या रंगाने, त्याने स्वतः ब्रश धरून लिहिलेलं — 'मंदा'. आईला लाडाने नावानेच हाक मारायचा म्हणे. अक्षरं वाकडीतिकडी होती.

"रबर काढा, पन नावाला तेवढं जपा बाबा," बाई म्हणाल्या.

दादा दुसऱ्या गाडीवर होते. "ती राहू दे, दुपारून मी घेतो," म्हणाले. मी थांबलो नाही. रांग फार होती — नाही, ही सबब झाली. रांग दर दसऱ्याला असते. खरं असं, की नाजूक काम म्हाताऱ्याशिवाय होत नाही असं गिऱ्हाइकं माझ्या तोंडावर बोलायची, आणि ते मला डाचायचं. मी थिनरचा बोळा घेतला. रबर झटकन निघालं. किती बरं वाटलं म्हणून सांगू! एक तुकडा, दुसरा, तिसरा — चौथा अक्षरांना लागून होता. बोळा फिरवला आणि 'दा' गेला. घाबरून सावरायला गेलो तर उरलेलंही फासलं. पॅनलवर नुसता दुधट डाग राहिला.

बाई परत आल्या. रडल्या नाहीत. त्या डागावर तळवा ठेवून उभ्या राहिल्या आणि विचारलं, "कुणी केलं?"

तेव्हा मी — इथे मला थांबावंसं वाटतंय, पण सांगतो. मी म्हणालो, "दादांनी. कमी दिसतं त्यांना आता."

दादा दोन हातांच्या अंतरावर उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नजर वळवली. मग ते बाईंना म्हणाले, "चुकलं माय माझं." त्यांनी असं का केलं? मला वाचवायला? की मालकापुढे बोलून उपयोग नाही म्हणून? मी कधी विचारलं नाही. विचारायची माझी हिंमतच नव्हती.

बातमी रांगेतच पसरली. म्हाताऱ्याला दिसत नाही, त्याच्या हातात गाडी देऊ नका. दिवाळीच्या आत दादा घरी बसले. मी त्यांना थांबा म्हणालो नाही. दुसऱ्या कुठल्या गॅरेजनेही त्यांना उभं केलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात कंधारला गेलो होतो. लेकीकडे असतात ते. खरं सांगून टाकायचं असं ठरवूनच गेलो होतो. ओसरीवर बसून दादा ज्वारी निवडत होते, बारीक खडा न् खडा बाजूला काढत होते. लेकीने चहा आणला आणि म्हणाली, "यांना आम्ही एकट्याला रस्त्यावर जाऊ देत न्हाई. दिसतं म्हणतेत, रोज भांडतेत. पन तुमच्याच दुकानात कळलं ना ते? तुमीच सांगा की यांना."

दादांनी सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच त्यांना माझ्याकडून काहीतरी हवं होतं.

"कमीच दिसतं, ताई," मी म्हणालो.

लेकीने हात धरून त्यांना आत नेलं. मी उरलेला चहा प्यायलो आणि नांदेडची गाडी पकडली.