"सर्वथा निर्दोष" या माझ्याच शब्दांविरुद्ध

अर्जदार : मी, नववी उत्तीर्ण, कचेरीसमोर चोवीस वर्षे अर्ज लिहिणारा. स्थळ : चिकलठाणा, आमच्या घरासमोरील ट्रकतळ. दिनांक : रोजचा. साक्षीदार : माझी पत्नी, जिला दम्यामुळे चार पायऱ्या चढवत नाहीत. नावे हेतुपुरस्सर गाळली आहेत.

माल भरेपर्यंत ट्रक इंजिन चालू ठेवून उभे राहतात. सगळे नवे कोरे. धूर दिसत नाही, पण डोळे झोंबतात. पत्नीने खिडकीच्या फटींत लुगड्याच्या चिंध्या कोंबल्या, तरी खोकला थांबेना. म्हणून मी परिवहन कार्यालयात अर्ज दिला. तसा अर्ज या शहरात दुसरा कोणी लिहू शकत नाही, हे नम्रपणे नमूद करतो.

उत्तर आले : "सदर वाहने अद्ययावत इंजिनाची असून सर्वथा निर्दोष आहेत. प्रकरण निकाली."

वाचताच कानशिले तापली. हे वाक्य माझे होते! गेल्या वर्षी कोण्या बाईने याच तळाविरुद्ध तक्रार केली, तेव्हा ट्रकमालकाचा खुलासा मीच लिहिला होता. ट्रक जवळ जाऊन पाहिला नव्हता. आम्ही अर्जनवीस कागद पाहतो, वस्तू नाही. परिवहन कार्यालयातल्या साहेबांनीही तेच केले.

तडक तळावर जाऊन एका चालकाला जाब विचारला. तो हसला.

"काका, नव्या गाडीत यूरियाचं पाणी टाकावं लागतं, तवा धुरातला इखारी गॅस मरतो. मालकानं खर्च वाचवायला इंजिनाला फसवायची डबी बसवली ना. टाकी रिकामी, पन इंजिनाला वाटतं भरेल हाय."

"आणि तपासणी?"

"तिथलं मशीन काळा धूर बघतं. आमचा गॅस दिसतो कुठं? पास!"

घरी येऊन संतापाने सांगितले. पत्नी धापा टाकत म्हणाली, "तुमचं अक्षरच लई देखणं हो. साहेबाला खरं वाटलं."

मी कोरा कागद पुढे ओढला. स्वतःविरुद्ध अर्ज प्रथमच लिहीत आहे.

सबब विनंती की, माझे उपरोक्त वाक्य रद्द समजावे. त्या बाईची तक्रार पुन्हा उघडावी. साहेबांनी जातीने तळावर येऊन प्रत्येक टाकीचे झाकण उघडावे व न दिसणारा वायूही मोजावा. लेखी उत्तर द्यावे. मात्र ते या वेळी माझ्या शब्दांत नसावे.