जास्वंदीची फांदी

कॉलेज सोडून वर्षभर खोलीत बसलेल्या माझ्या मुलीला डॉक्टरांनी बागकामाला पाठवायला सांगितलं. तिच्यासारखी सात-आठ मुलं तिथे दर शनिवारी मातीत हात घालतात, आणि आम्ही आईबाप कुंपणापाशी बाकावर बसून असतो.

पहिल्या दिवशी तिने काळ्या पिशवीत जास्वंदीची फांदी लावली. ती हात धुवायला गेली तेव्हा मी फांदी हळूच उपटून पाहिली. मूळ फुटलं नव्हतं. पुन्हा खोचून ठेवली. पुढच्या दोन्ही शनिवारी तेच केलं.

आज फांदी वाळलेली होती. बाग सांभाळणाऱ्या मावशी म्हणाल्या, "कुणीतरी सारखं उपटून बघतंय. अशानं मूळ धरत नाही गं."

"आई असेल," मुलगी म्हणाली. रागावली नाही, तिने नवी फांदी घेतली.

घरीही मी तिच्या दाराला कान लावते, ताट उचलताना किती उरलंय ते बघते. न बघता थांबायचं कसं, ते मला येत नाही.

परतताना रिक्षात मी ओठ घट्ट मिटून बसले. सिग्नलपर्यंत जमलं. मग विचारलंच, "आज बरं वाटलं का गं?"