आधी गाळायचं, मग उकळायचं

"टायफॉइड आहे," रक्ताचा रिपोर्ट खाली ठेवत डॉक्टर म्हणाले. "आजार आतड्यांचा आहे. दुर्लक्ष केलंत तर परफोरेशन होऊ शकतं. म्हणजे आतड्याला भोक. आजच अ‍ॅडमिट करा."

समोर स्टुलावर माझी आई बसली होती. आठवडाभर तापानं नुसती फणफणत होती. गेल्या महिन्यात बाबा ह्याच आजारातून उठले होते. गिरणी बंद पडल्यावर कांजूरमार्गला मिळालेली वॉचमनची नोकरी त्यात जाता जाता राहिली.

"पाणी उकळता का?" डॉक्टरांनी विचारलं.

आईला तो प्रश्न अपमानासारखा लागला. "हिचे बाबा आजारी पडल्यापासून खळाखळा उकळते. आणि गाळल्याशिवाय आमच्या माठात थेंब जात नाही."

"मग उकळल्यानंतर त्याचं काय होतं, ते बघा," ते माझ्याकडे वळून म्हणाले.

मी आमच्या मुलुंडच्या चाळीतली पहिली ग्रॅज्युएट. बी.एस्सी. झाले, ते सांगायला मला कधी संकोच वाटला नाही, आजही वाटत नाही. आईला वॉर्डात ठेवून घरी आले आणि स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. पाणी उकळलं, निवलं. माठात ओतणार, तोच शेजारच्या सुलूमावशी दारातून ओरडल्या, "अगं, फडकं कुठाय? तशीच काय ओततेस!"

फडकं गॅलरीतल्या तारेवर होतं. आईच्या जुन्या लुगड्याचं, चौपदरी. सकाळी ते सामाईक नळाच्या तोंडाला बांधायचं, नळाचा सगळा गाळ त्यात अडकायचा. मग त्याच पाण्यात खळबळून वाळत टाकायचं. खाली उघडं गटार, वर माश्या. संध्याकाळी उकळलेलं पाणी त्याच फडक्यातून माठात. सगळ्या चाळीची हीच पद्धत, आणि ह्यालाच आम्ही स्वच्छता म्हणत होतो.

जे जंतू आम्ही उकळून मारत होतो, तेच गाळून परत आत घेत होतो.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना सांगितलं. "शक्य आहे," ते म्हणाले. "आणि वडिलांच्या शौचाची तपासणी करा. बरा झालेला माणूसही कधी कधी कॅरिअर असतो. म्हणजे स्वतः ठणठणीत, पण पोटात जंतू बाळगून. संडासहून आल्यावर साबणानं हात धुतलेच पाहिजेत. नुसतं पाणी नको, राख-माती नको."

आईला सांगणं जास्त कठीण होतं. तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं आणि घरच्या मालवणीत विचारलं, "म्हंजे मियांच तुझ्या बाबांक आजारी केलंय?"

"तू नाही गं, फडक्यानं."

"फडक्याक काय हात आसत?"

ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. ताप मात्र चढत होता, पोट फुगलं होतं. डॉक्टर सकाळ-संध्याकाळ पोट दाबून बघायचे, आणि मी त्यांच्या चेहऱ्याकडे. क्लोरॅम्फेनिकॉलच्या कॅप्सूल चालू होत्या. जंतू मारणारं औषध ते, पण ताप लगेच उतरत नाही, धीर धरावा लागतो. एका सकाळी तिच्या कपाळाला हात लावला, तर घाम आलेला. "पेज दी गो," ती म्हणाली. मी तिथेच रडले.

बाबांचा रिपोर्ट चांगला आला. तरी मोरीत साबणाची वडी कायमची आली. माठाला झाकण आणि लांब दांड्याचं ओगराळं आलं, त्यामुळे बोटं पाण्यात बुडत नाहीत. फडकं रोज उकळायचं, कडक उन्हात वाळवायचं. आणि क्रम बदलला.

तुमच्या घरी कोणी आजारी असेल तर औषध डॉक्टर देतीलच. तुम्ही मात्र नळापासून तोंडापर्यंत पाणी कुठून कुठून जातं, ते एकदा स्वतः बघा. ह्याला डिग्री लागत नाही. त्या डॉक्टरांनी उत्तर न देता मला बघायला लावलं, ह्याचे उपकार मी विसरणार नाही.

हॉस्पिटलातून घरी आल्यावर आई गॅलरीत चटई टाकून बसली होती. सुलूमावशी उकळलेल्या पाण्याचा टोप घेऊन बाहेर आल्या आणि तारेवरच्या फडक्याला हात घातला.

"सुलू, थांब!" आईचा आवाज अजून खोल होता, पण अख्ख्या मजल्यानं ऐकला. "आधी गाळ, मगे उकळ. उलटा केलंस तर ह्या माझ्या बीएस्सीवालीचा भाषण आयकूचा लागतला!"