घागरीवरचं सासूबाईंचं नाव

माझी धाकटी जाऊ प्रेमलता सौसरच्या बाजारात चिंधूकाकांकडे भांड्यांवर छिन्नीनं नावं घालायला शिकते. आता सगळीकडे मशीन आली, पण तिला हातचंच अक्षर आवडतं. सासूबाई गेल्यावर त्यांच्या नावाची घागर देवळात द्यायची ठरली. ते नाव तिलाच घालायचं होतं.

पण तिचा हात भिऊन चाले. सरावासाठी तिनं घरच्या लोट्यावर नाव घातलं. मी तो रोज चिंचेनं घासला, तर नाव पुसट झालं. लोटा पाहून काका म्हणाले, "काय वं बाई, भांड्याले गुदगुल्या करून राहिली का?"

जुनी देवळं, विहिरी पाहत फिरायचा तिला नाद. रविवारी मलाही मोहगावकडच्या शेतातल्या एका जुन्या विहिरीवर घेऊन गेली. तिथं पायरीच्या दगडावर काहीतरी कोरलेलं होतं. काय लिहिलं ते दोघींनाही वाचता येईना. तिनं शेवाळ पुसून अक्षरावर बोट ठेवलं. अर्धं पेर आत गेलं.

"ताई, किती पावसाळे गेले असतील यावरून! हा कोरणारा माणूस भ्याला नाही पाहा."

"त्याले का सासूचं नाव घालाचं होतं?" मी म्हटलं. तशी ती हसत सुटली.

दुसऱ्या दिवशी काकांसमोर तिनं घागर घेतली. हातोडी ठाम पडली.

आता देवळातली ती घागर मीच घासते. चिंच फिरवताना सासूबाईंचं नाव बोटाला लागतं, नामस्मरण जरा चुकतं. देव समजून घेतो.